आधी बेत, मग शेगडी : डोंगरातल्या मुक्कामाच्या स्वयंपाकसाधनांचा आढावा

डोंगरात मुक्कामाला जायचं ठरलं की बहुतेकांची खरेदी शेगडीपासून सुरू होते. दुकानात मुठीत मावणारे बर्नर, एकात एक बसणारे भांड्यांचे संच, टायटॅनियमचे मग, घडीचे चमचे असं सगळं मांडलेलं असतं आणि प्रत्येक वस्तू हवीशी वाटते. मग खिचडीला पातेलं लहान पडतं, वाऱ्यात आच लागत नाही, आणि महागडा मग फक्त चहापुरता उरतो. चूक वस्तूंची नसते, क्रमाची असते. काय शिजवायचं, किती जणांसाठी आणि कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळाली की इंधन, शेगडी आणि भांडी जवळजवळ आपोआप ठरतात. हा आढावा त्याच क्रमाने घेतला आहे. तो मुख्यतः सह्याद्रीतल्या एक-दोन रात्रींच्या मुक्कामाचा आहे. हिमालयात जिथे गणित बदलतं तिथे तसं सांगितलं आहे.

बेत काय?

मुक्कामाच्या जेवणाचे ढोबळ चार प्रकार पडतात.

पहिला, काहीच न शिजवण्याचा. आपल्याकडे याची परंपरा फार समृद्ध आहे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, कालवून खायचं सातूचं पीठ, कांदा-खोबरं घालून दडपलेले पोहे, भेळ. एका रात्रीच्या मुक्कामाला एवढ्यावर उत्तम भागतं. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. उन्हाळ्यात, जंगल वाळलेलं असताना, हा बेत सगळ्यांत शहाणपणाचा.

दुसरा, फक्त पाणी उकळण्याचा. चहा, कॉफी, सूप आणि गरम पाणी ओतून होणारे तयार पोहे-उपमा. इथे लहान बर्नर आणि एक लिटरचं झाकणाचं भांडं पुरतं.

तिसरा, खऱ्या स्वयंपाकाचा. मुगाच्या डाळीची खिचडी, पिठलं-भात, गरम उपमा. यात मंद आच लागते, जाड बुडाचं भांडं लागतं आणि पातेलं डगमगणार नाही अशी शेगडी लागते. मराठी ट्रेकर मंडळी खरी रमतात ती इथेच.

चौथा, गाडी थेट तंबूपर्यंत जाते तिथला. पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी वजनाचा प्रश्न नसतो, त्यामुळे घरचीच भांडी नेता येतात.

यापलीकडे एक पाचवा पर्याय आहे आणि तो आधी तपासावा. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, राजमाची अशा ठिकाणी पायथ्याच्या किंवा वाटेवरच्या गावात पिठलं-भाकरी, भात-आमटी मिळते. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की घरातली मावशी चुलीवर ताज्या भाकऱ्या थापून देते. पाठीवरचं ओझं कमी होतं आणि पैसा त्या गावातच राहतो. दोन जेवणांपैकी एक गावात आणि नाश्ता-चहा आपला, ही विभागणी फार सोयीची पडते.

चूल : जी आता नको

तीन दगड, चार काटक्या आणि वर टोप. डोंगरातल्या स्वयंपाकाचं हे सर्वांत जुनं साधन, आणि अनेकांच्या आठवणी त्याभोवतीच आहेत. तरीही आजच्या सह्याद्रीत मुक्कामासाठी चूल पेटवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं नीट पाहण्यासारखी आहेत.

एक किलो गॅसमधून जेवढी उष्णता निघते तेवढ्यासाठी चांगलं वाळलेलं लाकूड जवळजवळ तीन किलो लागतं. उघड्या चुलीत त्यातली बरीचशी उष्णता वाऱ्यावर जाते. भांड्याला मिळते ती साधारण दहा-पंधरा टक्के. गॅसच्या चांगल्या बर्नरवर निम्म्याच्या आसपास मिळते. दोन्ही धरलं तर एक किलो गॅसचं काम करायला दहा-बारा किलो लाकूड जळतं. एखाद्या गटाचं ठीक, पण शनिवारी रात्री एकाच पठारावर पन्नास तंबू असतात तेव्हा आसपासचं सरपण पुरत नाही. मग कारवी तोडली जाते, झाडांच्या ओल्या फांद्या तोडल्या जातात. खाली पडून कुजणारं लाकूडही कीटकांचं, बुरशीचं आणि मातीचं अन्न असतं. पावसाळ्यात तर ओलं लाकूड आधी आपल्यातलं पाणी उडवण्यातच उष्णता घालवतं. हाती धूरच येतो.

या धुराचा आणखी एक धोका सह्याद्रीत विशेष आहे. किल्ल्यांच्या कड्यांना, बुरुजांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. धुराने माश्या उठतात आणि कड्याच्या अरुंद वाटेवर पळायला जागा नसते. लेण्यांमध्ये केलेल्या चुलींनी छताला काजळी चढते आणि ती शतकानुशतकं जपलेल्या कोरीव कामावर बसते.

कायदाही स्पष्ट आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार, वनाधिकाऱ्याने मुभा दिलेला काळ सोडून राखीव जंगलात आग पेटवणं हा गुन्हा आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम ३० मनाई करतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे असंच अभयारण्य आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत, परवानगी दिलेली जागा वगळता, स्वयंपाक करायला १९५९ च्या नियमांनी बंदी आहे. २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांतले ११ महाराष्ट्रातले आहेत. तिथे तर कसलाही स्वयंपाक करण्याआधी विचारूनच घ्यावं. गॅसची शेगडी ही सुद्धा आगच आहे, हे विसरून चालणार नाही.

रॉकेलचा स्टोव्ह : मानाचा म्हातारा

१८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने काजळी न धरणारा, दाबावर चालणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला आणि 'प्रायमस' हे नाव जगभर गेलं. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेनच्या सामानात तो होता, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. आपल्याकडे तो आधी स्वयंपाकघरात आला आणि तिथून सॅकमध्ये गेला.

त्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आठवत असेल. बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट ओतून पेटवायचं. नळी तापली की चावी आवळून पंप मारायचा. तापलेल्या नळीतून वर येताना रॉकेलची वाफ होते आणि बारीक छिद्रातून ती निळ्या ज्योतीने जळू लागते. नळी पुरेशी तापायच्या आधी पंप मारला तर वाफेऐवजी द्रव रॉकेल वर येतं आणि पिवळा भडका उडतो. छिद्र तुंबलं की पिन मारायची, पंप दाब धरेनासा झाला की वायसर बदलायचा.

या स्टोव्हचा गुण असा की थंडीने तो हटत नाही, कारण दाब आपण हाताने देतो. म्हणूनच हिमालयातल्या मोठ्या तुकड्यांच्या स्वयंपाक्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. याच तत्त्वावरचे रॉकेल, पेट्रोल आणि गॅस अशा अनेक इंधनांवर चालणारे नवे स्टोव्हही मिळतात. ते महाग असतात, पण लांबच्या मोहिमेला भरवशाचे असतात. सह्याद्रीतल्या दोन दिवसांसाठी मात्र रॉकेलचा विचार सोडलेला बरा. रेशनवरचं रॉकेल मिळणं जवळपास बंद झालं आहे, आणि सॅकमध्ये बाटली झिरपली तर तांदळासकट सगळ्या शिध्याला वास लागतो. ज्या स्टोव्हवर पेट्रोल चालतं असं बनवणाऱ्याने लिहिलेलं नाही, त्यात ते कधीही घालू नये.

स्पिरिट आणि वड्या

स्पिरिटचा स्टोव्ह म्हणजे जवळजवळ एक वाटीच. मोडण्यासारखं त्यात काही नाही, आवाज नाही, वजन नगण्य. एकट्या-दुकट्याच्या चहा-सुपाला तो छान. पण स्पिरिटमध्ये उष्णता कमी असते. एक किलो गॅसच्या कामाला ते दीड किलोहून अधिक लागतं. आच सावकाश लागते. मोठा धोका वेगळाच आहे. भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझला असं समजून वरून स्पिरिट ओतलं की ज्योत बाटलीपर्यंत चढते. पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा भरायचं नाही, हा नियम मोडू नये.

हेक्झामिनच्या घन इंधनाच्या वड्या १९३६ मध्ये जर्मनीत आल्या. लष्करी शिध्यामुळे त्या सर्वांना माहीत झाल्या. त्या सांडत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात. भांड्याच्या बुडाला मात्र चिकट काळा थर धरतात आणि धूर नाकातोंडात जाण्याजोगा नसतो. अडीअडचणीला सॅकच्या तळाशी चार वड्या असाव्यात, रोजच्या स्वयंपाकाला नकोत.

गॅस : बहुतेकांचं उत्तर

सह्याद्रीत आज बहुतेकांनी गॅस न्यावा. त्यात तीन रूपं आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिलं, आट्यांचा बसका डबा आणि त्यावर थेट फिरवून बसवायचा छोटा बर्नर. सर्वांत हलकं. एक-दोन लिटरच्या भांड्याला ठीक; पण त्यावर पाच लिटरचं भरलेलं पातेलं ठेवलं तर सगळा डोलारा उंच होतो आणि कलंडतो. मोठ्या भांड्यासाठी, डब्यापासून नळीने जोडलेली आणि स्वतःच्या तीन-चार पायांवर बसणारी शेगडी घ्यावी.

दुसरं, चपटी पेटीसारखी शेगडी, जिच्यात लांब नळकांड्यासारखा डबा आडवा बसतो. वजन दीड-दोन किलो, पण भांडं पक्कं बसतं, आच हवी तशी कमी-जास्त होते आणि डबेही सहज मिळतात. चार-सहा जणांच्या खिचडीसाठी मला हीच सर्वांत योग्य वाटते. एकच पथ्य पाळायचं: डब्याच्या कप्प्यावर पसरेल एवढं मोठं पातेलं किंवा तवा तिच्यावर ठेवायचा नाही. भांड्याच्या बुडाची धग खाली परतते, डबा तापतो आणि फुटू शकतो. दोन शेगड्या शेजारी लावून वर एक मोठं भांडं ठेवणं याच कारणाने जीवघेणं आहे.

तिसरं, ५ किलोचा छोटा सिलिंडर. गाडीने जाणाऱ्या दहा-पंधरा जणांच्या गटासाठी हे साधन बरोबर. तो अधिकृत वितरकाकडूनच घ्यावा. वरच बर्नर बसवलेले बारके सिलिंडर बाजारात दिसतात आणि घरगुती सिलिंडरमधून त्यात गॅस भरून देणारेही भेटतात. तो भरणा बेकायदा आहे. त्यात गळतीची खात्री कुणीच देत नाही.

डब्यात कोणता गॅस आहे हे वाचावं. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वायुरूप होणं थांबवतो. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. शिवाय गॅस बाहेर पडताना डबा स्वतःही गार होत जातो. म्हणून डिसेंबरात रतनवाडीला पहाटे पारा पाच-सात अंशांवर आला की साध्या ब्युटेनची ज्योत मलूल होते. रात्री डबा पांघरुणात घेऊन झोपलं की सकाळी चहा वेळेवर होतो. लडाखला किंवा बर्फात जायचं तर प्रोपेन मिसळलेलाच डबा हवा. कुठलाही डबा ज्योतीवर शेकू नये, आणि पुन्हा भरण्यासाठी न बनवलेला डबा भरू नये.

वाऱ्याचा बंदोबस्त

बर्नरवर पाचशे रुपये जास्त घालवण्यापेक्षा वाऱ्याच्या आडोशाचा विचार अधिक उपयोगी ठरतो. कोकणकड्याच्या माथ्यावर संध्याकाळी वारा उठला की ज्योत आडवी पडते, भांड्याच्या एका कडेला चाटते आणि निम्मी उष्णता दरीकडे जाते. बंद खोलीत पाच मिनिटांत उकळणारं पाणी तिथे पंधरा मिनिटांतही उकळत नाही, आणि गॅस मात्र तेवढाच जळत राहतो.

उपाय साधे आहेत. जोत्याची भिंत, मोठा धोंडा, सॅकची रांग यांच्या आड शेगडी मांडावी. सॅक ज्योतीपासून हातभर लांब ठेवावी. घडीचा पत्र्याचा आडोसा वाऱ्याच्या बाजूने तीन बाजूंना लावावा. आट्यांच्या डब्यावरच्या बर्नरला चारी बाजूंनी पत्रा गुंडाळू नये, कारण आत कोंडलेली धग डबा तापवते. अधूनमधून डब्याला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर ताबडतोब बंद. आणि भांड्यावर झाकण हवंच. झाकणाशिवाय पाणी उकळणं म्हणजे गॅस फुकट घालवणं.

भांडी

ॲल्युमिनियम स्टीलच्या सुमारे पंधरा पट वेगाने उष्णता पसरवतं आणि वजनाला स्टीलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतं. म्हणून खिचडीसाठी घरातलं हिंडालियमचं जाड पातेलं आजही उत्तम. ॲनोडाइज केलेलं असेल तर आंबट पदार्थांनाही चालतं. साध्या ॲल्युमिनियममध्ये चिंच-कोकमाची आमटी करून ठेवू नये. स्टील दणकट आणि घासायला सोपं, पण पातळ स्टीलमध्ये ज्योतीच्या वरचा गोल करपतो. टायटॅनियम हलकं आणि मजबूत असलं तरी उष्णता पसरवण्यात स्टीलच्याच पंगतीला बसतं. ते पाणी उकळण्यापुरतं. त्यात पिठलं केलं तर मध्यभागी लागलंच म्हणून समजावं. नॉनस्टिकचं भांडं रिकामं तापू देऊ नये आणि त्यात स्टीलचा चमचा घालू नये.

मापाचा अंदाज असा: खिचडीसाठी माणशी पाऊण लिटरची जागा धरावी. सहा जणांना साडेचार-पाच लिटरचं पातेलं, चहाला दोन लिटरचं, दोन्ही एकात एक बसणारी. सोबत झाकण, सांडशी, एक लांब पळी, एक उलथनं, धारदार सुरी, लायटर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत काडेपेटी. प्रत्येकाचं ताट, वाटी, पेला त्याच्या सॅकमध्ये. सांडशी विसरण्याचं प्रमाण फार आहे, म्हणून ती पातेल्यातच ठेवून द्यावी.

कांदा-भाजी घरूनच चिरून न्यावी. तांदूळ, डाळ, हळद, तिखट, मीठ एकत्र करून मोजून पिशवीत भरावं. तेलाऐवजी घट्ट झाकणाच्या डबीत तूप न्यावं. हिवाळ्यात ते गोठतं आणि सांडत नाही.

सहा जणांचा हिशेब

एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळायला, आडोसा आणि झाकण असेल तर साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. सहा जणांच्या एका मुक्कामात दोन वेळचा चहा दोन लिटर, ६०० ग्रॅम डाळ-तांदळाच्या खिचडीला अडीच लिटर, सकाळच्या उपम्याला दीड लिटर. एकूण सहा लिटर, म्हणजे ९० ग्रॅम. खिचडी मंद आचेवर शिजायला, फोडणीला आणि रवा भाजायला आणखी ४० ग्रॅम. वाऱ्याची तूट धरून २०० ग्रॅम. २३० ग्रॅमचा एक डबा पुरतो. दुसरा राखीव न्यावा.

आता यात पिण्याचं पाणी उकळण्याचा विचार करून पाहू. टाक्यातलं पाणी माणशी तीन लिटर धरलं तर १८ लिटर होतं, म्हणजे २७० ग्रॅम गॅस, अख्ख्या डब्याहून जास्त. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी गाळणी किंवा क्लोरीनच्या गोळ्या न्याव्यात आणि गॅस अन्नासाठी राखावा. उकळायचंच झालं तर खळखळून एक मिनिट पुरतं. २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

गॅस वाचवायची जुनी रीत इथेही कामाला येते. खिचडीला उकळी फुटून पाच-सात मिनिटं झाली की झाकण घट्ट लावून पातेलं जाड टॉवेलात आणि चादरीत गुंडाळून ठेवावं. वीस-पंचवीस मिनिटांत ती आपल्याच वाफेवर शिजते आणि बुडाला लागतही नाही.

उंची आणि कुकर

दर ३०० मीटर चढलं की पाणी सुमारे एक अंश कमी तापमानाला उकळतं. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर ते साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. भात थोडा वेळ घेतो इतकाच फरक. लेहच्या ३,५०० मीटरवर तो आकडा ८८ च्या जवळ येतो आणि तिथे तुरीची डाळ उघड्या भांड्यात शिजतच नाही. कुकरमध्ये मात्र तिथेही ११५ अंशांच्या आसपास तापमान मिळतं. म्हणून हिमालयात मोठ्या गटासाठी दीड-दोन किलोचा कुकर वाहून नेणं परवडतं. सह्याद्रीत तो ओझं आहे. इथे मूग किंवा मसूर घ्यावा आणि निघतानाच डब्यात भिजत घालावा.

तंबू आणि रेल्वे

तंबूच्या आत शेगडी पेटवू नये, बाहेर कितीही पाऊस असो. कापड पेट घेतं हा एक धोका. त्याहून कपटी धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तंबूच्या तळाशी साचतो. पावसाळ्यात स्वयंपाकासाठी चारी बाजूंनी उघडी वेगळी ताडपत्री बांधावी.

रेल्वेने जाताना भरलेला डबा, सिलिंडर, रॉकेल, स्पिरिट यांतलं काहीही नेता येत नाही. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत पर्यटकांच्या उभ्या डब्याला आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले; चोरून नेलेला स्वयंपाकाचा सिलिंडर हे त्याचं कारण होतं. विमानातही गॅसचे डबे चालत नाहीत. बर्नर आणि भांडी सोबत न्यावीत, गॅस मुक्कामाजवळच्या शहरात घ्यावा.

शेवटी निवड

एकट्याने किंवा दोघांनी चढायचं असेल तर आट्यांचा डबा, छोटा बर्नर, एक लिटरचं झाकणाचं भांडं. जेवण घरच्या दशम्यांचं किंवा गावातलं. चार ते सहा जणांना पेटीची किंवा नळीची शेगडी, पाच लिटरचं हिंडालियमचं पातेलं, चहाचं भांडं, पत्र्याचा आडोसा आणि दोन डबे. गाडीने जाणाऱ्या मोठ्या गटाला ५ किलोचा अधिकृत सिलिंडर आणि घरचीच भांडी. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, गवत वाळून कोळ झालेलं असताना, कुणीही असो, न शिजवण्याचा बेत आधी विचारात घ्यावा.

या यादीतल्या निम्म्याहून अधिक वस्तू घरात असतातच. विकत घ्यायची ती शेगडी आणि आडोसा. उरलेले पैसे पायथ्याच्या गावातल्या जेवणावर खर्च करावेत. रिकामे डबे परत आणावेत, खरकटं आणि साबणाचं पाणी टाक्यात जाऊ देऊ नये, आणि गटातल्या कुणी हौसेने काटक्या गोळा करायला सुरुवात केली तर त्याला थांबवावं. शेगडी सॅकमध्ये नेण्याचं पहिलं कारण तेच आहे: आपल्या एका रात्रीच्या जेवणासाठी त्या डोंगराचं काही जळू नये.